रणगाड्याच्या मॉडेलचं वेदरिंग : हा डाग इथे आला कसा?

१:३५ प्रमाणातल्या मॉडेलवर १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर. एवढं एक गणित डोक्यात पक्कं बसलं तरी रंगकामातल्या बऱ्याच चुका टळतात. ब्रशच्या टोकाने सहज उमटलेला अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या गाडीवर पावणेदोन सेंटिमीटर रुंद होतो. मॉडेलवर तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडालेला दाखवला तर खऱ्या गाडीवर तो तळहाताहून मोठा टवका असतो. असे टवके गाडीभर दिसले की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटत राहतं.

ऊन, धूळ, चिखल, तेल आणि घासाघीस यांच्या खुणा रंगातून उमटवणं म्हणजे वेदरिंग. या छंदातला सगळ्यात मजेचा टप्पा हाच आणि चांगलं बांधलेलं मॉडेल हमखास बिघडतं तेही इथेच. बिघडण्याची कारणं बहुतेक दोन. कोणत्या थरावर कोणता रंग चालतो याचं रसायन माहीत नसतं, हे एक. आणि खूण कुठे पडते, का पडते याचा विचार न करता शिकलेली सगळी तंत्रं सगळ्या गाडीवर सारखी फिरवली जातात, हे दुसरं.

उदाहरणासाठी इथे टी-५५ घेतला आहे. हा सोव्हिएत रणगाडा १९५८ मध्ये सेवेत आला. वजन ३६ टन, तोफ १०० मिमीची. भारतीय सैन्यातही तो होता आणि १९७१ च्या युद्धात छांब आघाडीवर लढला. टामिया, मिनीआर्ट, टाकोम अशा अनेक कंपन्यांचे किट मिळतात. तोफेसह खरी लांबी ९ मीटर, त्यामुळे मॉडेल सुमारे २६ सेंटिमीटरचं होतं. जाता जाता, हा ३५ चा विचित्र आकडा कुठून आला ते सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टामियाने मोटरवर चालणारं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील असा आकार ठरवला. तो मूळ गाडीच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. बॅटरीच्या मापावरून पडलेलं प्रमाण पुढे जगभर रूढ झालं.

बांधताना

किट निवडताना एक विचार करा. टामियाच्या किटमध्ये भाग कमी, जुळणी सोपी आणि ट्रॅक एकसंध लवचीक पट्ट्याचे असतात. मिनीआर्टच्या आतल्या रचनेसह येणाऱ्या किटमध्ये भागांची संख्या हजाराच्या घरात जाते आणि ट्रॅकची प्रत्येक कडी वेगळी जोडावी लागते. पहिल्याच मॉडेलला दुसरा पर्याय घेतला तर खोका बहुधा अर्धवट अवस्थेत कपाटात जातो.

स्प्रूवरून, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून, भाग कापताना साईड कटर भागाला चिकटवून लावू नका. १ ते २ मिमी खुंट सोडून कापा, मग उरलेला खुंट धारदार ब्लेडने काढा आणि ४००, ६००, १००० अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवा. एकदम भागालगत कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरट खळगा पडतो, तो नंतर पुट्टीने भरावा लागतो.

प्लास्टिक सिमेंट हे फेव्हिक्विकसारखं चिकटवत नाही. ते पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्या प्लास्टिकचा, पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की जोड एकजीव होतो. म्हणून पातळ सिमेंट आधी लावायचं नसतं. भाग कोरडे जुळवून धरायचे आणि फटीला सिमेंटचा ब्रश नुसता टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं. तोफेची नळी दोन अर्ध्या भागांत असेल तर उलट करायचं. जाड सिमेंट लावून भाग असे दाबा की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ सांध्यातून वर येईल. पूर्ण एक दिवस वाळू द्या आणि मगच ती रेघ घासून सपाट करा. चार तासांनी घासलं तर आज सपाट दिसणारा सांधा आठवड्याने खोल जातो, कारण आतलं प्लास्टिक तोवर आक्रसत असतं. फेव्हिक्विक पितळी फोटोएच (पातळ पत्र्यातून कोरलेले बारीक भाग) आणि रेझिनच्या भागांसाठी ठेवा. त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसवते, म्हणून थेंब सुईच्या टोकावर घेऊन लावावा.

टी-५५ चा बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा आहे आणि खालचा सांगाडा लाटलेल्या प्लेटा वेल्ड करून केलेला. हा फरक मॉडेलवर दिसलाच पाहिजे. बुरजावर मिस्टर सर्फेसर ५०० (दाट प्रायमर) किंवा सिमेंटमध्ये पातळ केलेली पुट्टी लावून जुन्या राठ ब्रशने उभे ठोके मारायचे आणि वाळल्यावर ६०० च्या कागदाने वरची टोकं मोडायची. खरबरीतपणा जेमतेम जाणवला पाहिजे. इथेही गणित तेच : पाव मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या बुरजावर जवळपास ९ मिमीचं टेंगूळ. सांगाड्याच्या प्लेटा मात्र गुळगुळीत ठेवा.

संदर्भासाठी फोटो पाहताना टी-५४ आणि टी-५५ यांची गल्लत सहज होते. खूण सोपी आहे. टी-५४ च्या, म्हणजे टी-५५ च्या आधीच्या रूपाच्या, बुरजावर लोडरच्या (तोफेत गोळा भरणाऱ्याच्या) झडपेपुढे कुकुरमुत्त्यासारखं वायुवीजनाचं घुमट असतं, टी-५५ वर ते नाही. १९७१ मध्ये पाकिस्तानकडे असलेला टाइप ५९ हे टी-५४ चंच चिनी रूप होतं, त्यामुळे त्या युद्धाचे फोटो चाळताना हा घुमट आधी शोधावा.

दोन्ही बाजूंच्या पाच-पाच चाकांच्या आसांचे दांडे जोडताना सांगाडा सपाट काचेवर ठेवा आणि सिमेंट ओलं असतानाच सगळी चाकं काचेला टेकतात का ते पाहा. एक चाक जरी अधांतरी राहिलं तरी ३६ टनांची गाडी खेळण्यासारखी दिसते.

ट्रॅकबद्दल थोडं सविस्तर. टी-५५ ला वरचा ट्रॅक पेलणारे छोटे रोलर नाहीत. पट्टा थेट मोठ्या चाकांवर विसावतो आणि मधल्या जागेत झोळ पडतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकातलं अंतर इतरांपेक्षा जास्त, म्हणून तिथला झोळही जास्त. हा झोळ नसेल तर उरलेलं सगळं काम चांगलं असूनही मॉडेल हलकं वाटतं. एकसंध पट्टा असेल तर चाकांच्या वरच्या पातळीवर सांगाड्याच्या बाजूत ०.५ मिमीची भोकं पाडा, त्यांत तारेचे तुकडे घाला आणि त्यांच्याखाली पट्टा दाबून धरा. मडगार्डच्या सावलीत तारा दिसत नाहीत. सुट्या कड्यांचा ट्रॅक असेल तर सिमेंट लावल्यावर अर्धा-पाऊण तास तो वाकण्याजोगा राहतो, तेवढ्यात चाकांवर बसवून कापसाचे बोळे दाबायचे. जुन्या किटमधले व्हिनाइलचे पट्टे प्लास्टिकच्या भागांना टेकून ठेवू नका. व्हिनाइलमधलं मऊ ठेवणारं रसायन बाहेर झिरपतं आणि वर्षभरात चाकं वितळवतं.

रंगाआधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब यांत मॉडेल धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून मारलेलं तेल आणि आपल्या बोटांचं तेल, दोन्हींवर रंग धरत नाही.

कोण कोणाला विरघळवतं

इथे बहुतेकांचं अडतं. मॉडेलच्या रंगाची चार कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाचा द्रावक ठरलेला. लॅकर तीव्र लॅकर थिनरमध्ये विरघळतं. ॲक्रिलिकमध्ये पुन्हा दोन जाती : टामियाचं ॲक्रिलिक अल्कोहोलला दाद देतं, व्हॅलेहोचं पाण्यावरचं आहे. इनॅमल आणि तैलरंग या दोघांना मिनरल टर्पेंटाइन, म्हणजेच व्हाइट स्पिरिट चालतं.

नियम एकच. वरच्या थराच्या द्रावकाने खालचा थर हलता कामा नये. म्हणून खाली लॅकर प्रायमर, त्यावर ॲक्रिलिकचा मूळ रंग, त्यावर व्हार्निश, मग इनॅमल किंवा तैलरंगातली सगळी मळकट कामं आणि शेवटी कोरडी पिग्मेंट पावडर, असा क्रम ठरून गेला आहे. तैलरंगाचा वॉश, म्हणजे फटींत सोडलेला खूप पातळ रंग, बिघडला तर टर्पेंटाइनने पुसून टाकता येतो आणि खालचं ॲक्रिलिक जसंच्या तसं राहतं. चूक पुसता येणं हा या क्रमाचा खरा फायदा. मूळ रंगच इनॅमलचा मारला आणि त्यावर इनॅमल वॉश दिला, तर पुसताना दोन्ही निघतात आणि खालचं राखाडी प्रायमर डोकावतं.

दुकानात 'थिनर' मागितलं की बहुधा एनसी थिनर हाती पडतं. त्यात टोल्युइनसारखी तीव्र द्रव्यं असतात आणि ते पॉलिस्टायरीनचा लगदा करतं. वॉशसाठी मिनरल टर्पेंटाइन तेलच मागा, शक्यतो कमी वासाचं. तेही कोऱ्या प्लास्टिकवर ओतू नका. सांध्यात आणि ताणलेल्या भागांत, विशेषतः चाकांच्या आसांत, टर्पेंटाइन मुरलं की प्लास्टिकला केसासारख्या चिरा पडतात आणि दोन दिवसांनी चाक हातात येतं. रंग आणि व्हार्निशचा अखंड थर हे त्यावरचं संरक्षण. शिवाय ब्रश ओथंबलेला नको, ओलसर हवा.

मूळ रंग

प्रायमर राखाडी मारा आणि प्रकाशात फिरवून पाहा. सांधे, ओरखडे, राहिलेले खुंट, सगळं आत्ता दिसेल.

०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशसाठी टामियाचं ॲक्रिलिक एक भाग आणि थिनर एक ते दीड भाग, दाब १५ पीएसआयच्या आसपास आणि अंतर ८ ते १० सेंटिमीटर, इथून सुरुवात करावी. पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत आला तर रंग हवेतच वाळतोय : जवळ या किंवा थिनर वाढवा. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर तो फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे.

हवामान यात थेट ढवळाढवळ करतं. जुलैत मुंबईत किंवा कोकणात लॅकर व्हार्निश मारलं की कधी कधी मॉडेलवर पांढरी झाक येते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि थरात अडकतं. अशा दिवशी थर पातळ मारा, थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे रंग हळू वाळवणारं द्रव्य, घाला किंवा सरळ कोरड्या दिवसाची वाट पाहा. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप नसेल तर फवाऱ्यातून पाण्याचे थेंबही येतात. मे महिन्यात नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडे उलट अडचण : ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतं आणि फवारा अडखळतो. तिथेही रिटार्डरचे दोन-तीन थेंब आणि दर काही मिनिटांनी सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसणं हाच उपाय.

खऱ्या रणगाड्याचा नेमका हिरवा रंग मॉडेलवर जसाच्या तसा मारला तर तो जास्त गडद भासतो. म्हणून मूळ रंगात दहा ते वीस टक्के फिका रंग मिसळतात. फिकं करायला पांढऱ्यापेक्षा पिवळट किंवा बदामी छटा बरी, पांढऱ्याने हिरवा खडूसारखा निर्जीव होतो. वरच्या आडव्या पृष्ठभागांवर अजून फिकी झाक द्या, कारण ऊन तिथेच पडतं. हे हलक्या हाताने करा. प्रत्येक प्लेटच्या कडेला गडद आणि मध्ये फिका असा रंग देण्याची एक फॅशन येऊन गेली, त्याने गाडी उशांची बनवल्यासारखी दिसते.

चाकांच्या कडेचं रबर गडद राखाडी रंगवा. शुद्ध काळा नको. टी-५५ चं चाक ८१० मिमी व्यासाचं, म्हणजे मॉडेलवर २३ मिमीचं. ते टूथपिकवर बसवून फिरवत पातळ रंगाचा ब्रश कडेला स्थिर धरला की रेषा स्वच्छ येते.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, लावण्याआधी त्या जागी ग्लॉस व्हार्निश हवंच. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी चमकतो.

घासाघीस आणि गंज

टवके उडण्याची जागा माणसं ठरवतात. चालक पुढच्या प्लेटवरून चढतो, कमांडर आणि लोडर आपापल्या झडपांच्या कडा पकडतात, हत्यारांच्या पेट्या रोज उघडतात, मडगार्डचा पुढचा कोपरा झाडाला घासतो. टवके तिथे. बुरजाच्या मागच्या गोलाईवर कोणाचा पाय सहसा पडत नाही, तिथे रंग शाबूत राहतो.

टवके दोन थरांत करावेत. आधी मूळ रंगाच्या फिक्या छटेने बारीक ओरखडे : रंग खरवडला, पण पोलादापर्यंत गेलं नाही असे. मग त्यातल्या थोड्यांच्या आत गडद तपकिरी ठिपका : इथे रंग पूर्ण उडाला. फोमचा छोटा तुकडा रंगात बुडवून कागदावर बराचसा टिपून घेतला आणि कडेला हलकेच टेकवला की अनियमित ठिपके उमटतात, ब्रशने ते हातचे वाटतात. पोलाद दाखवायला चंदेरी रंग वापरू नका. उघडं पोलाद एका पावसात तपकिरी होतं. चमक फक्त सतत घासल्या जाणाऱ्या जागी टिकते : ट्रॅकची जमिनीला टेकणारी टोकं, मागच्या दातेरी चाकाचे दात, आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूची उभी शिंगं, कारण ती जोडचाकांच्या मधून जाताना बाजूंना घासतात. तिथे ६बी पेन्सिलीचं ग्राफाइट बोटाने चोळलं की पुरे. जिथून चाकांचं रबर फिरतं ते ट्रॅकच्या आतले पट्टे स्वच्छ आणि गडद असतात, चकचकीत नसतात.

ट्रॅक नारिंगी गंजाचे रंगवण्याची सवय जुनी आहे आणि चुकीची. ते मँगनीज पोलादाचे असतात. त्यांवर गंजाची पातळ झाक येते खरी, पण गाडी काही अंतर चालली की जमीन ती पुसून काढते. मूळ रंग गडद तपकिरी-राखाडी घ्या, गंजाची छटा फक्त खाचांत, आणि त्यावर जमिनीच्या रंगाची धूळ.

मोठ्या भागावरचा रंग झिजलेला दाखवायचा असेल, उदाहरणार्थ मागच्या २०० लिटरच्या डिझेल ड्रमांवर किंवा मडगार्डवर, तर हेअरस्प्रेचं तंत्र उत्तम. खाली गंजाचा किंवा प्रायमरचा रंग मारून पक्का वाळवा, त्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ थर द्या, वाळल्यावर ॲक्रिलिकचा हिरवा मारा. पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याने ओलसर केलेल्या राठ ब्रशने घासायला घ्या. पाणी वरच्या थरातून झिरपून हेअरस्प्रेची राळ मऊ करतं आणि हिरवा रंग टवक्याटवक्याने सुटतो. हिरवा थर जाड असेल, लॅकर थिनरने पातळ केलेला असेल किंवा दोन दिवस वाळू दिला असेल तर पाणी आत शिरत नाही आणि जोर लावला की एकदम पापुद्रा निघतो. मनासारखं झालं की लगेच व्हार्निशने बंद करा, नाहीतर पुढच्या कामात ओल्या बोटानेही रंग निघत राहील.

वॉश आणि तैलरंग

पिन वॉश म्हणजे वेल्डच्या कडा, बोल्टचे पाय आणि झडपांच्या फटी यांतच पातळ गडद रंग सोडणं. प्रमाण रंग एक भाग, टर्पेंटाइन दहा भाग किंवा त्याहून पातळ. रंग गडद तपकिरी घ्या, कारण हिरव्यावर काळा कार्टूनसारखा दिसतो. पृष्ठभाग सॅटिन किंवा ग्लॉस असेल तर बारीक ब्रश फटीला टेकवताच वॉश आपोआप रेषेतून धावतो. मॅट पृष्ठभागावर तोच वॉश टीपकागदावरच्या शाईसारखा पसरतो आणि डाग राहतो. वीस-तीस मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने बाहेर गेलेला रंग पुसून घ्या. बाजूच्या उभ्या प्लेटवर पुसणं वरून खाली, वरच्या प्लेटवर मध्यापासून कडेकडे : पाणी ज्या दिशेने वाहील त्या दिशेने.

ओघळांसाठी तैलरंगाला तोड नाही. ते तासन्‌तास ओले राहतात, त्यामुळे कडा विरवत नेता येतात. परदेशी महागड्या बाटल्यांऐवजी कॅमलच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर, रॉ अंबर, येलो ऑकर आणि पांढरा एवढ्यावर बहुतेक काम होतं. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो. ते राहिलं तर रंग आठवडाभर वाळत नाही आणि वाळल्यावर चकाकतो. मग टाचणीच्या टोकाएवढा ठिपका बोल्टखाली किंवा हँडरेलच्या मुळाशी ठेवून ओलसर सपाट ब्रशने खाली ओढा, जवळजवळ नाहीसा होईपर्यंत. पाऊण सेंटिमीटरचा ओघळ खऱ्या गाडीवर सव्वा वीत लांब असतो. सगळे ओघळ एकाच लांबीचे आणि समान अंतरावर आले तर तो छापील नक्षीकाम होतो.

टी-५५ चा धूर डाव्या मडगार्डच्या मागच्या भागातल्या तोंडातून बाहेर पडतो. काजळी तिथेच, तोंडाभोवती आणि मागच्या दिशेने, काळ्यात थोडा तपकिरी मिसळून. धुराचा पडदा करण्यासाठी हा रणगाडा तापलेल्या एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारतो, त्यामुळे तिथला थर थोडा तेलकट दाखवायला हरकत नाही. इंधनाच्या टाक्या उजव्या मडगार्डवर असतात. त्यांच्या झाकणांभोवती गडद तपकिरी तैलरंगात ग्लॉस व्हार्निश मिसळून दोन-तीन डाग द्यायचे, एक ताजा चमकदार, बाकी धूळ बसून मंदावलेले. डिझेल सांडण्याच्या मुख्य जागा याच. सगळ्या इंजिन डेकवर चकाकते शिंतोडे उडवण्याला काही आधार नाही.

धूळ आणि चिखल

आधी जागा आणि महिना ठरवा, मग मातीचा रंग निवडा. डिसेंबर १९७१ चा छांबचा टी-५५ असेल तर मैदानी नदीकाठची फिकी, बदामी-राखाडी बारीक धूळ. सीरियाचा गोलानवरचा असेल तर काळ्या बसाल्टच्या मुलखाची गडद तपकिरी. दख्खनची काळी माती ओली असताना जवळपास काळी, वाळल्यावर राखाडी दिसते. बाटलीवर 'युरोपियन डस्ट' लिहिलेलं पिग्मेंट कुठल्याही गाडीवर झटकलं की गाडी कुठलीच राहत नाही.

धूळ थरांनी चढवा. खालच्या भागावर आधी मातीच्या रंगाचं खूप पातळ ॲक्रिलिक एअरब्रशने, वर जाताना विरत. मग कोरडी पिग्मेंट पावडर जुन्या ब्रशने कोपऱ्यांत, चाकांच्या तबकड्यांवर आणि मडगार्डवर ठेवा आणि टर्पेंटाइनचा थेंब शेजारी टेकवा, तो पावडरीत स्वतःच शिरतो. ओली असताना ती खूप गडद दिसते. घाबरून अजून पावडर घालू नका, वाळल्यावर मूळ छटा परत येते. शेवटी वरून मॅट व्हार्निश मारणं टाळा. व्हार्निश पावडरीचे कण पारदर्शक करून टाकतं आणि निम्मी धूळ गायब होते. पिग्मेंट नसेल तर सॉफ्ट पेस्टलचा खडू पॉलिश पेपरवर घासून चालतं, तेलाचा पेस्टल चालत नाही.

चिखलाला जाडी लागते. पिग्मेंट, थोडं प्लास्टर आणि ॲक्रिलिक मॅट मीडियम यांचा लापशीइतका घट्ट लगदा करून सांगाड्याच्या बाजूला, चाकांच्या मागे, ट्रॅकच्या खाचांत लावा. तीन छटा करा : जुना वाळलेला फिका, त्यावर मध्यम, आणि अगदी थोडा ताजा, गडद व ओलसर चमकेचा. शिंतोड्यांसाठी हाच लगदा पातळ करून ब्रशवर घ्या आणि एअरब्रशच्या नुसत्या हवेने फुंका. मॉडेलवर उडवण्याआधी पुठ्ठ्यावर थेंबाचा आकार पाहून घ्या, १ मिमीचा थेंब म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा गोळा हे इथे विसरायला होतं.

अंगणातली खरी माती वापरायची असेल तर ती तव्यावर खरपूस भाजून मलमलीतून दोनदा चाळा. न भाजलेल्या मातीत सेंद्रिय कण असतात आणि दमट हवेत त्यांवर खरीखुरी बुरशी उगवते.

खरा रणगाडा जवळून पाहायचा असेल तर अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंता, पॅटन उघड्यावर उभे आहेत. ओतीव बुरजाचा पोत, वेल्डची जाडी, ट्रॅकचा झोळ हे सगळं तिथे डोळ्यांनी मोजता येतं. रंगाचा आणि मळाचा संदर्भ मात्र तिथून घेऊ नये. मैदानात उभ्या केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात, ट्रॅकही काळे फासलेले असतात. त्यासाठी सरावातले आणि युद्धातले फोटोच पाहावेत, आणि एकाच गाडीचे दोन-तीन बाजूंनी काढलेले मिळाले तर सोन्याहून पिवळं.

लॅकर फवारताना खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा आणि सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क हवा. कापडी मास्कने वाफ अडत नाही. पिग्मेंट आणि रेझिन घासताना एन-९५ पुरतो, रेझिन मात्र पाण्यात बुडवूनच घासावं.

तयार मॉडेलवर घरातली धूळ बसली तर ती युद्धातली धूळ म्हणून खपत नाही. तिचे धागे १:३५ मध्ये दोरखंडाएवढे दिसतात आणि पिग्मेंट लावलेलं मॉडेल पुसताही येत नाही. म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी रंगकाम संपायच्या आधीच मागवून ठेवा. पेटी तोफेच्या टोकापासून मागच्या ड्रमांपर्यंत मापून त्यावर ३ सेंटिमीटर जादा घ्यावी, पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि व्हिनाइलचे ट्रॅक असतील तर थेट ऊन येणाऱ्या खिडकीपासून ती लांब ठेवावी.